एकट्याने उभे राहण्याची परवानगी

बसथांब्यावर एकट्या माणसाला उभं राहायला परवानगी लागत नाही. त्याने ती मागितली, की मग लागते. एवढं साधं शहाणपण मला वेळेवर सुचलं असतं तर आज आमच्या घरात मुलीच्या परत येण्याची तयारी चालली असती, आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर मी जिन्यात दिसताच भिंतीचा रंग तपासायला लागले नसते. पण मी पाणीपुरवठा खात्यात मसुदे लिहिण्यात हयात घालवलेला माणूस. अर्ज केल्याशिवाय यांना शिंकही येत नाही, असं आमची ही चारचौघांत सांगते. ही बरंच काही सांगते आणि त्यातलं बहुतेक खरं निघतं, हा माझ्या संसारातला मुख्य त्रास आहे.

झालं असं की आम्ही दोघं काही महिने मुलीकडे, परदेशात, राहून आलो. तिकडचं वर्णन करून मी कुणाचा जीव खाणार नाही. परत आलेला प्रत्येक माणूस तिकडच्या रस्त्यांबद्दल बोलतो. मी रस्त्यांबद्दल चकार शब्द काढणार नाही. मला तिकडे आवडली ती एक म्हातारी. मुलीच्या घराजवळ तिथल्या नगरपालिकेची कचेरी होती आणि तिच्या पायऱ्यांशी दर गुरुवारी ही बाई पुठ्ठ्याचा फलक धरून उभी राहायची. वाचनालयाची वेळ कमी केली होती, ती पूर्ववत करा, असं त्यावर लिहिलेलं. घोषणा नाहीत, सोबत माणूस नाही. एक पोलीस रोज तिथून जायचा. त्याला पहिल्यांदा तिच्याकडे वळताना पाहिलं तेव्हा मीच आडोशाला सरकलो. तो गेला, तिच्याशी चार शब्द बोलला, तिचा खाली पडलेला हातमोजा उचलून दिला आणि पुढे निघून गेला. त्यानंतरचे सगळे गुरुवार मी समोरच्या फुटपाथवर काढले. आज तरी धरतील, उद्या तरी धरतील, असं मनात होतं. तिला कुणी धरलं नाही आणि मला मात्र सर्दी झाली.

जावयाला विचारलं, हिच्या उभं राहण्याने वाचनालयाची वेळ वाढली का. तो म्हणाला, नाही, उलट आणखी कमी झाली. मग उभी कशाला राहते? "राहता येतं म्हणून," तो म्हणाला. आमचा जावई मोजकं बोलतो, आणि बोलतो तेव्हा हसू दाबून बोलतो. तोंडावर हसणारा जावई एक वेळ परवडतो, पण हा प्रकार सासऱ्याच्या अंगाला फार लागतो.

तिकडे सगळंच गोड होतं असंही नाही. शेजारचा माणूस रोज हात हलवायचा, पण आम्ही कोण, कुठले, हे त्याने आम्ही निघेपर्यंत विचारलं नाही. आमच्या इमारतीत पाहुणा जिना चढून येईपर्यंत तो कुणाकडे, कशासाठी आणि किती दिवस आलाय, हे सगळ्या मजल्यांना ठाऊक असतं. तिकडे माणसाला हवं ते बोलता येतं पण ऐकायला कुणी रिकामं नाही, आणि इकडे सगळे कान टवकारून बसलेत पण बोलायची चोरी, असं एक वाक्य मी तिथे तयार केलं होतं. ते जावयाला दोनदा ऐकवलं. दोन्ही वेळा त्याने हसू दाबलं.

मुलीचं तिथलं काम संपत आलं होतं. कायमचं राहण्यासाठी अर्ज करायचा की सामान बांधून परत यायचं, हे तिचं ठरत नव्हतं. मन अर्धं इकडे आहे, अर्धं तिकडे, असं ती म्हणायची. हिला त्यातलं इकडचं अर्धं तेवढं ऐकू यायचं. ही उघड काही बोलली नाही, पण मुलीचे केस विंचरायला बसली की उठायचं नावच घ्यायची नाही. आणि मुलगीही, चांगली मोठी नोकरी करणारी बाई, मुकाट्याने बसून राहायची. शेवटी एका संध्याकाळी मीच तोंड घातलं. म्हटलं, तुमच्या त्या म्हातारीचं कौतुक नका सांगू. आपल्याकडेही हे सगळं करता येतं, फक्त कुणी करत नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तसे उभे राहिलात आणि तुम्हाला कुणी काही केलं नाही, तर मी येते परत."

ती थट्टेत बोलली असावी. हिने ते कोर्टाच्या कागदावर लिहून घेतल्यासारखं ऐकलं. विमानात बसल्यावर पट्टा लावायच्या आधी हिने मला विचारलं, मग कधी उभे राहताय?

उभं राहायचं तर कारण हवं. आम्ही परत आलो आणि कारण दारातच उभं होतं. आमच्या घरासमोरच्या बसथांब्यावर एक लोखंडी बाक होता, तो आमच्या माघारी कुणीतरी कापून नेला होता; जमिनीत नुसते चार खुंट राहिले होते. हिचे गुडघे दुखतात, त्यावर शेक आणि व्यायाम घ्यायला ती बसने दवाखान्यात जाते, आणि आमची बस स्वतःच्या मर्जीने येते. तोवर ही त्या बाकावर टेकायची. आता थांब्याचा खांब धरून उभी राहायला लागली. नवरा म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण आधी आनंद झाला. इतकी निर्दोष तक्रार घरासमोर चालून येत नाही. यात राजकारण नाही, कुणावर आरोप नाही. बायकोला बसायला जागा द्या, एवढं म्हणणाऱ्या माणसाला कोण काय करणार?

रीतीप्रमाणे आधी नगरपालिकेत चौकशी केली. खिडकीमागच्या बाईंनी बराच वेळ संगणकात पाहिलं आणि सांगितलं की बाक तक्रार आल्यामुळे काढला. कसली तक्रार? त्यांनी पुन्हा पाहिलं. त्यावर लोक बसतात, अशी. मी म्हटलं, बाई, बाक बसायलाच असतो. त्या म्हणाल्या, हे विनाकारण बसतात. मी म्हटलं, माझ्या बायकोला कारण आहे, गुडघे आहेत. त्या म्हणाल्या, कारण असलेल्यांची तक्रार नाही हो, पण बाकाला कसं कळणार कोण कशाला बसलंय? मी सवयीने त्यांचे आभार मानले आणि बाहेर पडलो.

तेव्हा फलक करायला घेतला. इथे माझ्या सवयीने दगा दिला. मी टेबलाशी बसलो आणि हाताने आपोआप लिहिलं: विषय, बसथांब्यावरील बाक काढून नेल्याबाबत. मग संदर्भ आला. मग महोदय आले. उपरोक्त विषयास अनुसरून मी तीन परिच्छेद लिहिले, शेवटी कळावे केलं, आणि डाव्या कोपऱ्यात प्रत माहितीसाठी कोणाकोणाला, तेही टाकलं. मसुदा इतका बिनचूक झाला होता की मीच दोनदा वाचला. पेंटरने तो वाचून विचारलं, फलक हवाय की भिंत? आणि लोक हे बसमधून वाचणार असतील तर बस किती वेळ थांबते?

मी घरी येऊन तो कापायला बसलो, आणि इमारतीला वास लागला. वरच्या मजल्यावरचे वकील आले, खालचे मास्तर आले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी, जे बोलावल्यावर कधीच येत नाहीत, ते न बोलावता आले. हिने चहा ठेवला. वकील म्हणाले, 'मागणी' काढा, 'विनंती' घाला. मागणी करणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. मास्तर म्हणाले, 'परत द्या' नको, त्यातून कुणीतरी नेला असा अर्थ निघतो. मी म्हटलं, नेलाच आहे. ते म्हणाले, नेला असेल हो, पण अर्थ कशाला काढायचा? सेक्रेटरींची एकच अट होती: उभं राहताना मी आमच्या इमारतीकडे पाठ करावी, म्हणजे मी तिच्यातून आलो असं वाटणार नाही. चहाचे कप खाली ठेवेपर्यंत माझ्या तीन परिच्छेदांचं 'बसण्याची सोय झाल्यास बरे होईल' असं झालं होतं. त्यातही वकिलांना 'बरे' हा शब्द खटकत होता, कारण त्यावरून सध्या वाईट आहे असं कुणी म्हणू शकेल. तिघांनीही जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आमचा मनातून पाठिंबा आहे, तो मनातच राहू द्या, असं सांगितलं.

या घटकेला मी तो पुठ्ठा उचलून खाली गेलो असतो तर सगळं तासाभरात उरकलं असतं. हीसुद्धा म्हणाली, चला, मी वरून फोटो काढते. पण परवानगीशिवाय? माझ्याकडून ते झालंच नाही. नगरपालिकेत गेलो तर ते म्हणाले, फुटपाथ आमचा आहे, पण त्यावर उभा राहिलेला माणूस पोलिसांचा. मग ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने मला एक छापील अर्ज दिला. तो मोर्चाचा होता.

"मोर्चात माणसं किती?" त्याने विचारलं.

"मी."

"ते झालं. बाकीचे?"

बाकीचे नाहीत म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. मग घोषणा कोण देणार, आणि तुम्ही दिलीत तर तिला साथ कोण देणार, असं त्याने विचारलं, आणि ते चेष्टेने नव्हे, काळजीने. मोर्चाचा मार्ग या रकान्यात मी 'थांब्यापासून त्याच थांब्यापर्यंत' असं लिहिलं. हवालदार माणूस चांगला होता. त्याने हळूच सुचवलंही, की साहेब, हा कागद घरी घेऊन जा आणि फाडून टाका. नुसते उभे राहिलात तर आम्ही तुम्हाला प्रवासी समजू. यावर मी काय केलं असेन? मी त्याला कायद्याचा मान राखण्यावर चार शब्द ऐकवले. आणि अर्ज मोघम वाटू नये म्हणून सोबत एक टिपण जोडलं. त्यात पार्श्वभूमी या मथळ्याखाली, अधोस्वाक्षरीकार परदेशी वास्तव्यास असताना त्याने काय पाहिलं, तिथला नागरिक कसा निर्भय आहे, तिथला पोलीस कसा हातमोजे उचलून देतो, आणि त्यावरून प्रस्तुत कल्पना कशी सुचली, हे सगळं सविस्तर लिहिलं. तो परिच्छेद माझ्या सेवेतल्या कुठल्याही मसुद्याच्या तोडीचा होता, आणि त्यानेच माझ्या संसाराचं वाटोळं केलं.

काही दिवसांनी ठाण्याच्या साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्या मुलीच्या वयाचे, बोलायला मऊ, आणि मला काका म्हणणारे. पोलिसाने काका म्हटलं की माणसाने सावध व्हायला हवं. मी खूश झालो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. बाकाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. टिपणावर बोट ठेवून म्हणाले, "काका, ही कल्पना मुळात कुणाची?"

मी म्हटलं, माझीच. पण पाहिली तिकडे.

तिकडे कुणाकडे होतो, हे त्यांनी विचारलं. मुलीकडे, मी म्हटलं. ती बाई मुलीच्या ओळखीची का? मी म्हटलं, छे, मुलगी तर तिच्याकडे बघतही नाही. मग तुम्हाला तिथे कोण घेऊन जायचं? पत्ता त्यांनी तोंडाने विचारला असता तर कदाचित मी थबकलो असतो. पण त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला, त्यावर नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण असे रकाने होते, आणि रकाना कोरा सोडायचा नाही ही माझ्या नोकरीची पहिली शिकवण. मी मुलीचा आणि जावयाचा पत्ता लिहिला. पिनकोडसकट लिहिला. मग चहा प्यालो, आणि चांगला होता असं म्हणालोही. या एका चहाची मला इतकी लाज वाटते की घरात चहाचा विषय निघाला तरी मी गॅलरीत जातो.

त्यानंतर दोन साध्या कपड्यांतले गृहस्थ इमारतीत फिरून गेले. आमची चौकशी करत होते, हे मला सगळ्यांनी सांगितलं, पण काय सांगितलं ते कुणीच सांगितलं नाही. वकिलांनी आपण आम्हाला फक्त जिन्यावरून ओळखतो असं सांगितलं. ते माझ्याकडे दर रविवारी बुद्धिबळ खेळायला यायचे, तेव्हापासून आले नाहीत. सेक्रेटरींनी इमारतीच्या नामफलकावरून माझं नाव रंगवायला म्हणून उतरवलं आणि ते अजून रंगतंय. मास्तरांनी मात्र मुलीची बाजू घेतली. मुलगी लहानपणापासून चुणचुणीत, वर्गात सारखी प्रश्न विचारायची, असं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं, आणि लिहून घेताना पाहिल्यावर मास्तरांना घाम फुटला. ते भिंतीचा रंग तपासायला लागले ते तेव्हापासून.

मग मुलीचा फोन आला. तिला तिकडच्या आपल्या वकिलातीतून बोलावणं आलं होतं. फलक धरून उभं राहणाऱ्या एका स्थानिक महिलेशी आपला काय संबंध, असं तिला विचारलं, आणि तिचा पासपोर्ट पाहायला म्हणून ठेवून घेतला. चार दिवसांनी परत दिला, तेही दिलगिरी वगैरे काही न म्हणता. ती रडली नाही, चिडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आम्ही इथेच राहायचा अर्ज करतोय." हिने माझ्या हातातला फोन घेतला, कानाला लावला, आणि मला परत दिला. त्या दिवशी ही बसने दवाखान्यात गेली नाही. गुडघे नीट करून आता कुठे जायचंय, असं म्हणाली.

इथवर मी आमच्या देशाला शिव्या देत होतो, ते सोपं होतं. अडचण पुढे आली. कायमचं राहू देण्यासाठी तिकडच्या सरकारला मुलीच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. तो कुणाचा? तिच्या मूळ गावच्या पोलीस ठाण्याचा. म्हणजे ज्या देशात म्हातारीचा हातमोजा पोलीस उचलून देतो, त्या देशाला माझी मुलगी चांगली की वाईट, हे आमच्या साहेबांकडून कळायला हवं होतं. इतकी वर्षं ती तिथे राहिली, त्यांचे कर भरले, त्यांच्या लोकांबरोबर काम केलं, ते काही पुरेसं नव्हतं. दोन्ही देशांचं एकमेकांशी कशावरच पटत नाही, वर्तमानपत्रात रोज वाचतो. माझ्या मुलीच्या बाबतीत मात्र त्यांचं बरोबर पटलं.

मी पुन्हा साहेबांसमोर. ते म्हणाले, काका, मला काहीच हरकत नाही, पण तुमची फाईल उघडी आहे आणि उघड्या फायलीच्या घरात दाखला देता येत नाही. मग बंद करा, मी म्हटलं; मी अर्ज मागे घेतो, मला उभं राहायचं नाही. साहेबांनी मान हलवली. अर्ज वरपर्यंत गेलाय, आता तो मागे घेता येत नाही, नाकारायचा तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहिलं की उद्या कुणी विचारेल. परवानगी दिली तर कारण लागत नाही. आपल्याकडेही एकट्या माणसाला फलक धरून उभं राहता येतं हे लोकांना दिसायला हवं, असं वरूनच आलंय.

"तुम्ही उभे राहा, काका," ते म्हणाले. "मजकूर तेवढा आम्ही देतो."

मी ताडकन उठलो. मला या गोष्टीचा अजून अभिमान आहे, म्हणून सांगतो. उठलो, आणि त्यांनी दाखल्याचा कोरा कागद टेबलावर सरळ करून ठेवला, तेव्हा परत बसलो.

ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी मी बसथांब्यावर उभा राहिलो. फलक आमच्याच पेंटरने रंगवला होता, ठाण्याच्या खर्चाने, सुंदर अक्षरांत: 'बसथांबा मोकळा व हवेशीर केल्याबद्दल प्रशासनाचे जाहीर आभार.' बसमधून सहज वाचता येईल असा. इमारतीकडे पाठ करायची गरज नव्हती. सेक्रेटरी स्वतः खाली आले आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट करून गेले. वकिलांनी गॅलरीतून हात हलवला. हवालदार ठाण्यातून स्वतःपुरती प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला होता, कारण त्याला संरक्षणासाठी तासभर थांबायचं होतं. लोखंडाचे ते चार खुंट माझ्या पायाशी होते आणि मी मोकळ्या हवेबद्दल आभार मानत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ही आली. घरातल्या साडीवर, हातात पिशवी नाही, काही नाही. येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. हवालदार खुर्चीवरून उठला आणि अवघडून म्हणाला, बाई, परवानगी एकट्याची आहे, दोन झाले की जमाव होतो.

"मी बसची वाट बघतेय," ही म्हणाली.

हवालदाराने आपली खुर्ची हिच्याकडे सरकवली. ही तिच्याकडे बघतही नव्हती. खांब न धरता ताठ उभी राहिली, गुडघे थरथरत होते ते मला दिसत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता असे उभे होतो आणि मला वाटलं, होऊ दे आता काय व्हायचं ते, फलक फेकून देतो. इतक्यात बस आली. एरवी तासन्‌तास न येणारी बस. आता बसची वाट बघणाऱ्या बाईने बसमध्ये चढायला हवं. ही माझ्याकडे एकदा पाहून चढली. कुठेही जायचं नसताना शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, उभ्यानेच गेली म्हणे, आणि माझा तास संपल्यावर परत आली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मास्तर अंक घेऊन वर आले, बऱ्याच दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघून बोलले, आणि म्हणाले की तुमची उभं राहण्याची ढब फार भारदस्त आहे. त्याच आठवड्यात दाखला मिळाला. मुलीला परत आणायला मी हा सगळा उद्योग आरंभला होता, आणि तिला कायमचं तिकडे ठेवायला लागणारा कागद मीच, जाहीर आभार मानून, मिळवून आणला. हिने तो पाकिटात घातला आणि पाकीट स्वतः चिकटवलं. माझ्याकडे दिलं नाही.

तिकडून मंजुरी आली त्या दिवशी मुलीचा फोन आला. मी अभिनंदन केलं, हवापाणी विचारलं, आणि बोलायचं संपलं. मग ती म्हणाली की माझा तो फोटो तिच्या कचेरीत कुणीतरी पाहिला. फलक धरलेला म्हातारा, एकटा, आणि शेजारी पोलीस. त्या लोकांना आपली भाषा वाचता येत नाही. सगळे तिच्या टेबलाशी जमले, तुझे वडील केवढे धीट आहेत म्हणाले. एकाने तर तो छापून भिंतीवर लावलाय.

"विचारत होते, फलकावर काय लिहिलंय," ती म्हणाली. "काय सांगायचं, बाबा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ही शेजारीच होती, तिने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "सांग, आईला बसायला जागा मागतायत."

मुलगी म्हणाली, "मी तेच सांगितलंय, आई."

"मग विचारतेस कशाला?"

"पुढेमागे कुणी चौकशीला आलं," ती तिकडून, त्या देशातून, हलक्या आवाजात म्हणाली, "तर आपल्या तिघांचं सांगणं एक यायला हवं ना."